लिहून नेलं, पुढं काय झालं?

पेन दिसलं की ती पिशवी बाहेर येते.

सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची ही साठी ओलांडलेली बाई. आम्ही अंगणात पोचलो, एका विद्यार्थिनीनं फाईल उघडून पेनाचं टोपण काढलं, तशी ती काही न बोलता आत गेली आणि एक कॅरिबॅग घेऊन बाहेर आली. गाठ सोडली. आधार कार्डाची झेरॉक्स, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, मुलाचा जातीचा दाखला, घरकुलाच्या कुठल्याशा जुन्या यादीचा कागद. घडी पडून फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली. सगळं तिनं ओट्यावर ओळीनं मांडलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "लिव्हा."

विद्यार्थिनीनं अजून एकही प्रश्न विचारला नव्हता. बाई आपणहून सांगत सुटली. घरात माणसं किती, कमावती किती. जमीन नाही. संडास आहे, पाणी नाही. गॅस आहे, टाकी भरलेली नाही. आमच्या प्रश्नावलीत जो क्रम होता जवळपास तोच तिचा क्रम. मुलगी पहिल्या पानावर धडपडत होती आणि बाई दुसरं पान संपवत आली होती. मग तिनंच विचारलं, "हे कायचं हाय? घरकुलाचं का?"

"नाही मावशी, आम्ही कॉलेजचे. शिकायला आलोत."

"मागच्या बारीला आल्ते ते?"

ते कोण, आम्हाला ठाऊक नव्हतं.

"त्यायनी बी असंच लिव्हून नेलं. पुढं काय झालं?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तांड्याच्या वाटेकडे बघायला लागलो.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी वस्त्या-तांड्यांवर घेऊन जाणं हे गेली काही वर्षं माझं काम आहे. त्याआधी मीही असाच फाईल धरून कुणाच्या तरी अंगणात उभा राहिलेला विद्यार्थी होतो. बाईचा प्रश्न ऐकला तेव्हा डोळ्यांपुढे एक लोखंडी कपाट आलं. माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांचे स्पायरल बाइंडिंग केलेले अहवाल त्यात वर्षावार रचलेले आहेत. प्रत्येकात कुणाच्या तरी घरातली भांडी मोजलेली आहेत, कुणाचं तरी कर्ज नोंदलंय, कुणाचा तरी नवरा किती पितो ते लिहिलंय. त्यावर गुण दिले गेले, मुलं पास झाली, काहींना नोकऱ्या लागल्या. त्यांतला एकही अहवाल ज्या वस्तीवर लिहिला तिथं मी परत नेला नव्हता. कुणी अडवलं नव्हतं. सुचलंच नव्हतं. हा लेख मी त्या लाजेतून लिहितो आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५. केंद्र सरकारनं मागास भागांसाठी अनुदान निधी सुरू केला तेव्हा देशातल्या २५० जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे बारा जिल्हे होते, त्यांत हिंगोली होता. एकदा असं नाव यादीत चढलं की बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर येतं. आम्ही समाजकार्यवाले येतो. नर्सिंगच्या मुली कुटुंब दत्तक घ्यायला येतात, त्यांच्या वहीत बाळाचं वजन आणि आईचं हिमोग्लोबिन. कृषी महाविद्यालयांचे कृषिदूत आणि कृषिकन्या येतात, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवतात, फोटो काढतात. पीएच.डी. करणारे एकटे-दुकटे येतात. संस्थांचे लोक देणगीदारांना घेऊन गाड्यांतून येतात. दुष्काळ पडला की पाहणी पथक, गारपीट झाली की पुढारी, कुणी जीव दिला की कॅमेरे.

यांतला प्रत्येक जण वेगळा आहे हे मला कळतं. केंद्रीय पथकाच्या अहवालावर मदत ठरते, कृषिकन्येच्या वहीवर गुण ठरतात. पण ओट्यावर कागद मांडणाऱ्या बाईला हा फरक कुणी समजावलेला नाही. तिच्या लेखी पेन म्हणजे सरकार. तिनं पिशवी उघडली ती आमच्या शिक्षणाला हातभार लावावा म्हणून नव्हे. ह्या वेळी तरी यादीतून नाव सुटू नये, म्हणून उघडली. म्हणजे तिनं दिलेली माहिती ही संमतीनं दिलेली नव्हती, गैरसमजातून दिलेली होती, आणि त्या गैरसमजाचा फायदा आम्ही बिनबोभाट घेत आलो. माझ्या मते ह्या सगळ्या व्यवहारातली मूळ चूक ही आहे. फोटो काढावेत की नाही, कपडे कसे घालावेत, चॉकलेटं वाटावीत का, ह्या गोष्टी त्यानंतर येतात.

गरिबांची वस्ती बघून शिकायचं ही कल्पना जुनी आहे आणि तिच्या मुळाशी चांगुलपणा होता, हेही नोंदवलं पाहिजे. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये १८८४ साली सॅम्युएल बार्नेट यांनी टॉयनबी हॉल सुरू केला. त्या काळी लंडनमधले सुखवस्तू लोक हौसेनं गरीब वस्त्या बघायला जात. त्यापेक्षा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी तिथं राहायला जावं, शेजारी म्हणून राहावं, असा बार्नेट यांचा आग्रह होता. बघून परतणं आणि शेजार करणं यांतला फरक त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या आसपास ओळखला होता. तीच कल्पना क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईत आणली. विसाच्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या वतीनं त्यांनी नागपाड्यात नेबरहूड हाउस काढलं, आणि तिथल्या अनुभवातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभं राहिलं. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण जन्मलं ते असं, एका गरीब मोहल्ल्यातल्या घरात. आम्ही आज ज्याला क्षेत्रकार्य म्हणतो आणि आठवड्यातले दोन दिवस हजेरीपटावर टिक करून उरकतो, त्याचा मूळपुरुष तिथं मुक्कामाला होता.

नागपाड्याला लागूनच कामाठीपुरा आणि गोलपिठा. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. पांढरपेशा मराठी घरातल्या तेंडुलकरांना त्या कवितेतले कितीतरी शब्द कळले नाहीत. ते त्यांनी ढसाळांना विचारले आणि प्रस्तावनेत तशी कबुलीही दिली. त्या भागात ते हिंडले तेही ढसाळांना बरोबर घेऊन. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. एक मोठा नाटककार परक्या वस्तीत जातो तेव्हा वाट दाखवणारा तिथलाच आहे, भाषा तिथलीच आहे, आणि पुस्तकावर नावही तिथल्याच माणसाचं आहे. बाहेरून आलेला फक्त प्रस्तावना लिहितो. आमच्या अहवालांत नेमकं उलटं असतं. नाव आमचं, आणि तिथला माणूस 'उत्तरदाता क्रमांक १४'.

रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात ह्या प्रकाराला ग्रामीण विकास पर्यटन असं नावच दिलं. शहरातून येणारा तज्ज्ञ डांबरी रस्त्याच्या कडेचं गाव बघतो, जिथं आधीच एखादा प्रकल्प चालू आहे तिथंच जातो, पुरुषांशी आणि पुढाऱ्यांशी बोलतो, कोरड्या हंगामात येतो, आणि भिडेपोटी अवघड प्रश्न टाळतो, असं त्यांचं निरीक्षण. हे वाचलं तेव्हा आमच्या जिल्ह्याचं वर्षच मी त्यावर ठेवून पाहिलं.

पावसाळ्यात आमच्याकडे कुणी येत नाही. काळी माती पाय धरते, चप्पल हातात घ्यावी लागते, तांड्याच्या वाटेवर दुचाकी घसरते. नेमकं आषाढ-श्रावणात घरातलं धान्य आटलेलं असतं, छप्पर गळतं, पोरं तापानं फणफणलेली असतात, आणि खत-बियाण्यासाठी सावकाराचं दार गाठलेलं असतं. त्या दिवसांत फाईल धरून कुणी तांड्यावर आलेलं मी पाहिलेलं नाही. महाविद्यालयांची शिबिरं लागतात डिसेंबर-जानेवारीत. हवा छान, वाटा कोरड्या, परीक्षा लांब. पण दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेलेल्या असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि तो कोयता आता पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात. मागे राहतात म्हातारी माणसं, नातवंडं आणि कुलूप लावलेली दारं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, तांडा असाच अर्धा.

आमचे विद्यार्थी ह्या अर्ध्या तांड्यात जातात आणि लिहून आणतात की येथे वृद्धांचे प्रमाण जास्त आहे. मुले शाळेत अनियमित आहेत. पालकांचे लक्ष नाही. एका अहवालात मी स्वतः वाचलेलं वाक्य आहे: पालक घरी आढळले नाहीत, यावरून त्यांची शिक्षणाविषयी अनास्था दिसते. ते पालक त्या क्षणी तीन-चारशे किलोमीटरवर थंडीत पहाटे गाडी भरत होते, आणि त्यासाठी घेतलेल्या उचलीतून ह्याच पोरांच्या वह्या आल्या होत्या. त्या अहवालावर मी सही केली आहे. आज ते वाक्य मला खोडता येत नाही.

विचारण्याबद्दलही बोललं पाहिजे. २०१९ मध्ये मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ महिलांची नोंद झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हे बाहेर यायलाच हवं होतं. ज्यांनी ते आणलं त्यांचे उपकार आहेत. पण त्यानंतर तो प्रश्न सुटा झाला, कुणाच्याही तोंडी आला. हिंगोलीतसुद्धा एका वस्तीवर मी ऐकला. अंगणात दीर उभा, चुलत सासरा खाटेवर, आणि एकोणीस-वीस वर्षांचा विद्यार्थी वहीत बघून विचारतो, "मावशी, पिशवी काढली का?" त्या बाईनं पदर डोक्यावर ओढला आणि घरात जाऊन भांडी घासायला बसली. भांड्यांचा आवाज मोठा होता. विद्यार्थ्यानं रकान्यात लिहिलं: माहिती देण्यास नकार.

नकारच होता तो. पण त्या आधी तिला नकार द्यायची संधी कुणी दिली होती? पेन म्हणजे सरकार असं जिथं आहे, तिथं 'नाही' म्हणायची हिंमत रेशनच्या भीतीपुढे टिकत नाही. आमच्या फॉर्मच्या तळाशी संमतीची ओळ असते, तिथं सही नाहीतर अंगठा घेतात. अंगठा ह्या लोकांनी आजवर कशाकशावर दिला आहे त्याची यादी करावी. उचलीच्या कागदावर, बचत गटाच्या कर्जावर, मायक्रोफायनान्सच्या वसुलीवर, रेशन दुकानाच्या मशीनवर. त्याच अंगठ्याला आम्ही 'स्वेच्छेने दिलेली संमती' म्हणतो. मुंबईतल्या सेहत ह्या संस्थेच्या पुढाकारानं २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची तत्त्वं आहेत. समजेल अशा भाषेत सांगा, नकाराचा हक्क सांगा, माहिती गुप्त ठेवा, निष्कर्ष लोकांपर्यंत न्या. सगळं लिहिलेलं आहे. फक्त पदवीच्या मुलांच्या क्षेत्रभेटीला कुणी संशोधन मानत नाही, त्यामुळे ते तिथं लागू करायचं कुणाच्या मनात येत नाही. एखाद्या औषधाच्या चाचणीपेक्षा कितीतरी जास्त घरांत आमची मुलं जातात.

धारावीची गोष्ट इथं काढावी लागते, कारण गरीब वस्त्या दाखवण्यावरून वाद तिथूनच जास्त झाला. २००५ च्या सुमारास तिथं पर्यटकांना पायी फिरवणारी कंपनी सुरू झाली. गट लहान, कॅमेऱ्याला बंदी, नफ्यातला मोठा वाटा वस्तीतल्या शैक्षणिक कामाला, असे त्यांचे नियम. २०१९ मध्ये एका मोठ्या प्रवासी संकेतस्थळाच्या यादीत धारावीच्या फेरीनं ताजमहालाला मागं टाकल्याच्या बातम्या आल्या. दारिद्र्य विकायला काढलं, असा आरोप झाला. उलट बाजूनं, लोकांना इथले उद्योग दिसतात, कुंभारवाडा दिसतो, चामड्याचे कारखाने दिसतात, गैरसमज जातात, असं उत्तर दिलं गेलं. माझं मत दोन्हीच्या मध्ये कुठंतरी नाही. तिकीट लावून वस्ती दाखवणं मला पटत नाही. पण तिथं निदान व्यवहार उघड आहे: कोण किती देतो, कुणाला किती जातं, हे विचारता येतं. शिक्षणाच्या नावानं होणाऱ्या आमच्या भेटीत पैसा नाही म्हणून हिशेबच नाही. आणि पैसा नाही हेही खरं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमतकडे हळदीची काढणी चालू असते, बायका पहाटेपासून शेतात असतात, उकडायच्या कढया पेटलेल्या असतात. अशा दिवशी 'फक्त अर्धा तास' म्हणून कुणाला थांबवलं की तिचा रोज बुडतो, नाहीतर मालकिणीचं बोलणं बसतं. तो खर्च कोण भरतं? ती भरते. आमच्या शिक्षणाची फी तिच्या रोजातून जाते.

लोकांना 'लिहून नेण्या'ची भीती का वाटते, ह्याला हिंगोलीत जुनं कारण आहे. निजामाच्या राज्यात इथं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. मेडोज टेलर ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिली, तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीत कापडाचा व्यापारी म्हणून वावरणाऱ्या एका ठगाची हकीकत आहे. ठगांवरचं ते लिखाण विलायतेत चवीनं वाचलं गेलं. फिरस्त्या लोकांबद्दलचा संशय अशा लिखाणानं घट्ट होत गेला आणि १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरली, हजेऱ्या लागल्या, नोंदवह्या आल्या. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला गेला. बंजारा समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे, त्या 'विमुक्त' शब्दाला हा इतिहास चिकटलेला आहे. परक्याच्या वहीत आपलं नाव चढलं की काय होतं, हे तांड्यानं पिढ्यान् पिढ्या भोगलं. त्यामुळे एखादा म्हातारा नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, आमच्या मुलांना वाटेतच हटकतो, "कोण तुमी? कायला आलाव?" तेव्हा मुलं नाराज होतात. मला आता त्या म्हाताऱ्याचा आदर वाटतो. अख्ख्या तांड्यात आम्हाला योग्य प्रश्न विचारणारा तो एकटा असतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी तर २०१७ साली स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली. जगातल्या सगळ्यात जास्त अभ्यासल्या गेलेल्या जमातींपैकी ही एक. आमच्याकडे यायचं तर आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि आस्था घेऊन या, आमच्या प्रतिनिधींना आधी विचारा, आणि दिलेला शब्द पाळा, असं त्यांनी संशोधकांना बजावलं. हे नियम विद्यापीठानं केलेले नाहीत, ज्यांना बघायला जातात त्यांनी केलेले आहेत. सेनगाव-कळमनुरीतल्या एखाद्या तांड्यानं, एखाद्या आंध आदिवासी पाड्यानं असा एक कागद करून वेशीवर लावला तर? मी तो विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेईन.

आणि लोकांना आपलं दुःख स्वतः दाखवता येत नाही असं थोडंच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सेनगाव तालुक्यातल्या काही कर्जबाजारी शेतकऱ्यांनी आपले अवयव विकत घ्या असं पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिलं, खाली दर लिहून. किडनी ७५ हजार, यकृत ९० हजार, डोळे २५ हजार. ती बातमी देशभर गेली. वाचताना पोटात तुटलं. पण त्या कागदावर काय लिहायचं, किती लिहायचं आणि कुणाला पाठवायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. त्यांना कुणी प्रश्नावली दिलेली नव्हती.

मग ह्या भेटी बंदच कराव्यात का? एका सहकाऱ्याचं तसं स्पष्ट मत आहे. माझं नाही, आणि त्याला कारण एक मुलगा आहे.

पिशवीवाल्या बाईच्या तांड्यावर डिसेंबरात गेलेल्या आमच्या त्या गटात तो होता. हुशार, कामसू, पण तांड्यावर पोचल्यापासून गप्प. बाकीची मुलं चूल बघत होती, कुडाची भिंत हातानं चाचपत होती, एकीनं "सर, हे लोक एवढ्याशा जागेत कसे राहतात?" असं मोठ्यानं विचारलंही. तो फाईल छातीशी धरून बाभळीखाली उभा. मला वाटलं कंटाळला. परतताना जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला आणि हळू म्हणाला, "सर, माझं घर असंच हाय. माय-बाप आत्ता फडावर हायेत." तो दुसऱ्या तालुक्यातल्या तांड्यावरचा. हंगामी वसतिगृहात राहून शाळा शिकलेला. लहानपणी त्याच्याही अंगणात शिबिराची मुलं आली होती, त्यांनी त्याला मधे उभं करून फोटो काढला होता. तो फोटो त्यानं कधी पाहिला नाही.

मी आजवर वर्गात 'आपण' आणि 'ते' असे शब्द वापरत आलो होतो. आपण त्यांच्याकडे जाणार, आपण त्यांना समजून घेणार. माझ्या समोरच्या बाकांवर 'ते' बसलेले होते, वर्षानुवर्षं, आणि माझ्या शब्दांमुळे मान खाली घालून बसलेले होते. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत ही काही एका मुलाची गोष्ट नाही. पहिल्या पिढीची मुलं ह्या शिक्षणात मोठ्या संख्येनं आहेत. त्यांना दुसऱ्याच्या वस्तीवर पाहुणा म्हणून नेण्यापेक्षा त्यांना पुढे घालून आम्ही मागून चालावं, हे मला त्या जीपमध्ये कळलं. आणि हेही की जी मुलगी "एवढ्याशा जागेत कसे राहतात" म्हणाली, तिनं तो तांडा पाहिलाच नसता तर तिच्या मनात तो प्रश्नही आला नसता. उद्या ती तहसीलमध्ये नाहीतर बँकेत खुर्चीवर बसेल. तिनं पाहायला हवं. कसं पाहायचं, हे शिकवायची जबाबदारी माझी होती आणि ती मी पार पाडली नव्हती.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर आम्ही औंढ्याला थांबलो. मुलांना दर्शन घ्यायचं होतं. इथली कथा ह्या भागातल्या पोराटोरांना ठाऊक आहे: नरसीचे नामदेव महाराज कीर्तनाला उभे राहिले, त्यांना देवळासमोरून उठवलं गेलं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. मुलांना मी ती कथा सांगितली नाही. तो मुलगाच इतरांना सांगत होता, देवळाच्या मागच्या अंगाला, हात करून करून. मी लांबून ऐकत होतो.

इथून जवळच दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. उद्या देशभरातून सहलींच्या बसगाड्या ह्या रस्त्यानं येतील आणि वाटेत तांडेही लागतील. तिथं जायचं तर कसं जायचं, हे आत्ताच ठरवून ठेवायला हवं असं मला वाटतं.

त्या वर्षी एक गोष्ट आम्ही केली. अहवाल कपाटात ठेवला नाही. पट्टा पडून टोळ्या परत येईपर्यंत थांबलो आणि एप्रिलमध्ये, ऊन उतरल्यावर, सहा जण पुन्हा त्याच तांड्यावर गेलो. जाण्याआधी नायकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, या, पण संध्याकाळी या, तेव्हा बायाबी असतात. सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर सतरंजी टाकली होती. डिसेंबरात कुलूपबंद असलेली दारं उघडी होती, चुली पेटल्या होत्या, ट्रॅक्टरवरून उतरवलेल्या संसाराच्या पेट्या अजून अंगणातच होत्या. तो मुलगा वाचायला उभा राहिला. मराठीत एक वाक्य वाचायचा, अडेल तिथं गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, सांगायचा.

'कर्ते सदस्य आढळले नाहीत' ह्या वाक्याला पहिली हरकत आली. "आमी कारखान्यावर व्हतो, तसं लिव्हा ना," एक जण म्हणाला. 'व्यसनाधीनता' ह्या शब्दावर बराच वेळ गेला. पुरुष म्हणाले काढा, बायका म्हणाल्या राहू द्या, पण दारूचं दुकान कुणाचं आहे तेही लिहा. ते आम्हाला माहीतच नव्हतं. शाळेच्या परिच्छेदात मास्तरांची संख्या चुकलेली निघाली. एका आजोबांनी आपलं नाव ऐकू आल्यावर ते काढून टाकायला सांगितलं, कारण विचारलं नाही, आम्ही काढलं.

मग पिशवीवाल्या बाईचं घर आलं. तिथं लिहिलं होतं: गॅस जोडणी असूनही चुलीचा वापर, जागरूकतेचा अभाव.

"जागरूकता म्हंजी?" तिनं विचारलं.

मुलानं सांगितलं.

"मला सगळं कळतंय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "धूर डोळ्यात जातो ते कळतंय. टाकीला पैशे नाहीत. तसं लिव्हा."

विद्यार्थिनीनं ते वाक्य खोडलं, वर लिहिलं: टाकी भरण्यास पैसे नाहीत. मोठ्यानं वाचून दाखवलं. बाईनं मान हलवली, मग हात पुढे केला. तिला तिच्या घराचं पान पाहिजे होतं. आमच्याकडे दुसरी प्रत होती, त्यातलं पान तसंच दुरुस्त करून दिलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं.

"याच्यावर सही कोणाची?"

सही नव्हती. मुलीनं केली.

"नंबर बी लिव्हा. पुढल्या बारीला कोणी आलं तर दाखवाय लागंल, की तुमी लिव्हून नेलंय म्हणून."

मुलीनं नंबर लिहिला. पान माझ्याकडे आलं. त्याखाली मी माझा लिहिला.